४८ किलोबाइटमध्ये काय काय बसवलंत? (बाइट वाचवण्याच्या युक्त्या लिहून ठेवूया)

नौपाडेकर (धागाकर्ता)

ऐंशीच्या दशकात ठाण्यात, वाशीत, बेलापूरकडे ज्यांच्या घरी किंवा क्लासमध्ये स्पेक्ट्रम, झेडएक्स ८१, बीबीसी मायक्रो, एमएसएक्स यांपैकी एखादा घरगुती कॉम्प्युटर होता, त्यांच्यासाठी हा धागा. आठवणी येतीलच, पण मला त्याहून नेमकं काही हवंय. जागा पुरेना तेव्हा तुम्ही काय केलंत? कुठला बाइट कुठून काढलात? इंग्रजीत यावर ढिगाने लिहिलेलं आहे. मराठीत हे सगळं आपण एकमेकांना तोंडीच सांगत आलो, ते आता लिहून ठेवूया.

सुरुवात मी करतो. माझ्याकडे ४८केवाला स्पेक्ट्रम होता. झेड८०ए प्रोसेसर, ३.५ मेगाहर्ट्झ, बेसिक ही प्रोग्रॅम लिहायची भाषा १६ किलोबाइटच्या रॉममध्ये (न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत). ४८ किलोबाइट ऐकायला भरपूर वाटतात, पण त्यातले ६९१२ बाइट पडद्याचेच. २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचे ६१४४ आणि रंगांचे ७६८. ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीला रंगाचा एकच बाइट, म्हणून एका चौकटीत दोनच रंग. पडदा १६३८४ पासून, रंग २२५२८ पासून, प्रिंटरसाठी राखलेले २५६ बाइट २३२९६ पासून, आपला प्रोग्रॅम २३७५५ पासून. हे आकडे मला आजही पाठ आहेत. चाळीत कोण कुठल्या खोलीत राहतं हे कुणाला विचारावं लागत नाही, तसं होतं ते. मशीनमधला प्रत्येक बाइट कुठे राहतो आणि काय करतो, हे एका शाळकरी मुलाला माहीत असू शकत होतं. मला या सगळ्या काळातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

आता युक्ती. बेसिकमध्ये तुम्ही १० लिहिलंत की दोन अंकांचे दोन बाइट, त्यामागे न दिसणारा खुणेचा एक बाइट, आणि त्यापुढे त्याच संख्येचं मशीनला समजणारं पाच बाइटांचं रूप. एकूण आठ. त्याऐवजी व्हॅल "१०" लिहिलं (व्हॅल म्हणजे अवतरणातल्या अक्षरांची संख्या करणारी आज्ञा) तर व्हॅलचा एक, अवतरणचिन्हांचे दोन, अंकांचे दोन, म्हणजे पाचच. शून्य लिहायला सात बाइट लागायचे, तिथे नॉट पाय लिहिलं (पाय शून्य नाही, म्हणून उत्तर शून्य) की दोन. एकासाठी एसजीएन पाय (पायचं चिन्ह), तीनासाठी इंट पाय (पायचा पूर्णांक). मोठ्या प्रोग्रॅममध्ये शेकडो संख्या असतात, त्यामुळे बचत किलोबाइटच्या घरात जायची. किंमत वेगात मोजावी लागे, कारण व्हॅल आलं की मशीन ती अवतरणातली संख्या दर वेळी नव्याने वाचतं. म्हणून खेळातल्या सतत फिरणाऱ्या लूपमध्ये हे करायचं नाही, एकदाच चालणाऱ्या ओळींत करायचं.

लिहा मंडळी. कुठलंही मशीन चालेल.

चेंदणीकर

वा, काय धागा काढलात! ४८के म्हणजे श्रीमंती हो. आमच्याकडे झेडएक्स ८१ होता, मामाने इंग्लंडहून आणलेला. एक किलोबाइट. १०२४ बाइट, बस्स. त्यातले पहिले १२५ सिस्टीमचे स्वतःचे.

त्या मशीनची एक गोष्ट मला फार हुशारीची वाटते. पूर्ण पडदा साठवायला ७९३ बाइट लागतात, म्हणजे एक किलोबाइटमध्ये पडदा ठेवला की प्रोग्रॅमला काही उरणारच नाही. म्हणून मेमरी कमी असली की झेडएक्स ८१ रिकामा पडदा फक्त २५ बाइटांत ठेवायचा, नुसत्या ओळ संपल्याच्या खुणा. तुम्ही अक्षर छापलंत की तेवढीच ती ओळ लांबायची. त्यामुळे पडद्यावर काय छापायचं हासुद्धा मेमरीचाच प्रश्न. आकडे डावीकडे चिकटवून छापायचे, कारण मध्यभागी छापलं की डावीकडच्या रिकाम्या जागांचेही बाइट जातात. 'तुम्ही जिंकलात' असा लांब निरोप कुणी देत नसे. एक तारा छापायचा, खेळणाऱ्याने समजून घ्यायचं.

मशीन कोड (थेट प्रोसेसरच्या भाषेतल्या आज्ञा) ठेवायला वेगळी जागा नव्हती. पहिली ओळ रेम (मशीन वगळतं ती टिपणाची ओळ) म्हणून लिहायची, तिच्यात हवी तेवढी फालतू अक्षरं भरायची आणि मग त्या अक्षरांच्या जागी पोक (ठरावीक पत्त्यावर बाइट लिहायची आज्ञा) करून कोड घालायचा. प्रोग्रॅम १६५०९ पासून सुरू होतो. ओळ क्रमांकाचे दोन, लांबीचे दोन, रेमचा एक, म्हणून कोडचा पत्ता १६५१४. तो कोड चालवायची आज्ञा रँड यूएसआर १६५१४, हे आमच्या पिढीतल्या पुष्कळांना झोपेतही सांगता येईल.

आणि या एक किलोबाइटमध्ये डेव्हिड हॉर्न यांनी बुद्धिबळ बसवलं होतं. ६७२ बाइट. कॅसलिंग वगैरे नाही, पण मशीन तुमच्याशी खरोखर खेळायचं. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी ब्रिटिश मासिकं मिळत, तिथून आणून आम्ही असली लिस्टिंग टाइप करायचो.

खाडीपूल

वाचनखूण साठवली. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

वाशी_सेक्टर_नऊ

आमचं कुटुंब आखातातून परत आलं तेव्हा सामानात एमएसएक्स होता. तिकडे ही मशीनं बरीच चालत. चालू केला की पडद्यावर यायचं: २८८१५ बाइट्स फ्री. खोक्यावर ६४के लिहिलेलं, आणि पडद्यावर हा आकडा! बाबांना वाटलं आपल्याला फसवलं. खरं कारण असं, की झेड८० ला एका वेळी ६४ किलोबाइटच दिसतात. त्यातले खालचे ३२ रॉम आणि बेसिक अडवून बसतात, उरलेल्या ३२ मधून बेसिकची स्वतःची कामाची जागा गेली की २८८१५. बाकीची रॅम रॉमच्या मागे झाकलेली असते आणि बेसिकमधून तिथे पोहोचता येत नाही. मशीन कोड शिकलं की स्लॉट (मेमरीचा कप्पा) बदलून ती मिळते. मी मशीन कोड शिकले ते याच एका कारणासाठी. आपल्याच घरातली अर्धी मेमरी आपल्याला वापरता येत नाही, हे मला सहन होत नव्हतं.

तेव्हा वाशीला लोकल नव्हती, मानखुर्द-वाशी गाडी सुरू झाली १९९२ मध्ये. लॅमिंग्टन रोडला जायचं म्हणजे बसने पूल ओलांडून पुढे गाडी पकडायची. कनेक्टर, वायर, जे काय लागेल त्याची यादी महिनाभर करायची आणि एकदाच जायचं.

तलावपाळी

शाळेतल्या बीबीसी मायक्रोबद्दल थोडं. केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पात १९८४-८५ पासून काही शाळांना ही मशीनं मिळाली. रॅम ३२ किलोबाइट. रंगीत मोड २ लावला की पडदाच २० किलोबाइट खाणार, सिस्टीमचे साडेतीन, तुम्हाला उरले साडेआठ. मोड ७ मध्ये मात्र पडदा एका किलोबाइटचा. म्हणून शैक्षणिक प्रोग्रॅम बहुतेक मोड ७ मध्येच असत. चित्र हवं की प्रोग्रॅम हवा, हे आधी ठरवायला लागायचं.

रेघोटी

मी लिहू की नको असं करत होते, पण नौपाडेकरांनी 'कुठला बाइट कुठून काढलात' असं विचारलंय, तर लिहितेच.

मी तेव्हा ठाण्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. आमच्याकडे स्पेक्ट्रम प्लस होते, पोर्टेबल ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडलेले. चौथी-पाचवीची मराठी शाळेतली मुलं यायची, आणि पडद्यावर सगळं इंग्रजी. माझ्या डोक्याने घेतलं की पाढे मराठीत दिसले पाहिजेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सगळे.

स्पेक्ट्रममध्ये आपली स्वतःची २१ अक्षरं करता येतात. प्रत्येकाला आठ बाइट, म्हणजे १६८ बाइट, मेमरीच्या अगदी शेवटी ६५३६८ पासून ६५५३५ पर्यंत. चौकटीच्या वहीत ८ गुणिले ८ चे चौकोन आखायचे, भरलेल्या घराला १, रिकाम्याला ०, आणि बिन (१ आणि ० मध्ये संख्या लिहायची आज्ञा) लिहून पोक करायचं. आकड्यांपासून सुरुवात केली. दहा आकड्यांना दहा जागा गेल्या तर उरतात अकरा. शून्य तर इंग्रजीतलंच चालेल असं वाटतं, पण स्पेक्ट्रमच्या शून्यात तिरकी रेघ असते! मग शून्यासाठी कॅपिटल ओ वापरला आणि एक जागा वाचवली.

अक्षरांचं गणित वेगळं. आठ ओळींत सगळं बसवायचं. मी पहिली ओळ मात्रा-अनुस्वाराला दिली, दुसरी शिरोरेषेला, तिसरी ते सातवी अक्षराच्या अंगाला, आठवी उकाराला. पाच ओळींत 'ठ' ठीक येतो, 'क्ष' आणि 'ज्ञ' साठी मी फार झगडले. मात्रा वेगळी साठवायची आणि अक्षरावर चढवायची, म्हणजे के, खे, गे अशी वेगळी अक्षरं लागत नाहीत. त्यासाठी अक्षर छापायचं, कॅरेक्टर ८ छापून एक घर मागे यायचं आणि ओव्हर १ लावून वर मात्रा छापायची. पण ओव्हर १ म्हणजे नुसतं वर रंगवणं नाही. जिथे दोन्ही ठिकाणी ठिपका असेल तिथे तो पुसला जातो. म्हणून मात्रेच्या चौकोनात शिरोरेषा काढायची नाही. काढलीत तर अक्षराची शिरोरेषा गायब. 'कु' मधल्या उकाराचंही तसंच, तो क च्या दांड्याला शिवता कामा नये.

२१ मध्ये अर्थातच भागलं नाही. मग सिस्टीममधला अक्षरसंचाचा पत्ता बदलला. २३६०६ आणि २३६०७ या दोन बाइटांत तो असतो, खऱ्या पत्त्यापेक्षा २५६ ने कमी. तिथे आपल्या ९६ अक्षरांच्या संचाचा पत्ता घातला की ७६८ बाइटांत मराठी उभी राहते, आणि परत इंग्रजी हवी तेव्हा जुना पत्ता घालायचा. मूळ अक्षरं रॉममध्ये सुखरूप असतात.

पाढे कुठे साठवले नाहीत. पाव गुणिले वीस मशीनला येतंच की. मुलांनी '३ पाव पाऊण' पडद्यावर पाहिलं तेव्हा त्यांना मशीन आपलं वाटलं, एवढं मला दिसत होतं.

नौपाडेकर

रेघोटीताई, हे वाचायलाच धागा काढला होता असं आता वाटतंय. तुमच्या प्रतिसादातली ओव्हर १ आणि शिरोरेषेची गोष्ट मी आजवर कुठेच वाचलेली नाही. इंग्रजी लिहिणाऱ्याला तो प्रश्न पडायचं कारणच नाही.

शंकासुर

थोडा वेगळा सूर लावतो. मीही त्याच काळातला, मीही व्हॅल लिहून बाइट वाचवले. पण 'मेमरी कमी होती म्हणून आपण चांगले प्रोग्रॅमर झालो' हे मला पटत नाही. त्या मशीनवर आम्ही कित्येक गोष्टी करू शकलो नाही कारण जागा नव्हती. ओळींना नीट नावं देता येत नव्हती, टिपण लिहिलं तर रेमचे बाइट जातात म्हणून टिपणं काढून टाकायचो, आणि पुढच्या महिन्यात स्वतःचाच प्रोग्रॅम समजायचा नाही. पुढे नोकरीत लागल्यावर या सवयी मोडायला मला खूप त्रास झाला. दोन अक्षरी व्हेरिएबल, एकाच जागेत तीन गोष्टी कोंबणं, यामुळे दुसऱ्याला आपला कोड वाचता येत नाही.

मशीनचं खरं मोठेपण दुसरीकडे होतं. बटण दाबलं की दोन सेकंदांत बेसिक समोर. काही इन्स्टॉल करायचं नाही, लॉगिन नाही. मुलाला काहीतरी करून बघावंसं वाटलं तर मध्ये कुणी उभं नसायचं. मेमरी ४८ऐवजी ४८० किलोबाइट असती तरी आपण एवढंच शिकलो असतो, किंबहुना जास्त.

नौपाडेकर

शंकासुर, टिपणांबद्दल शंभर टक्के मान्य. बटण दाबताच बेसिक, हेही मान्य. पण ४८० बद्दल नाही. ४८० किलोबाइट असते तर रेघोटीताईंनी बाराखडीचं प्रत्येक अक्षर वेगळं साठवलं असतं. मात्रा आणि अक्षर वेगवेगळे ठेवून एकावर एक चढवायचे, हा विचार जागेनेच करायला लावला. आणि देवनागरीची मुळातली रचना तीच आहे. पुढे भारतीय लिप्यांसाठी जे इस्की मानक आलं (आयएस १३१९४, १९९१ चं), त्यातही व्यंजन आणि मात्रा वेगळे संकेत म्हणूनच आहेत, आणि युनिकोडमध्येही तसंच. ताईंना त्याच जागी तुटवड्याने आणून सोडलं.

चेंदणीकर

दोघांनाही अनुमोदन देता येतं का? :)

अवांतर नाही, धाग्याचंच: डेटा साठवायची एक युक्ती राहिली. स्पेक्ट्रमवर शंभर संख्यांची अॅरे (यादी) केली की प्रत्येक संख्येला पाच बाइट, पाचशे गेले. संख्या ० ते २५५ मधली असेल तर शंभर अक्षरांची स्ट्रिंग (अक्षरमाळ) घ्यायची आणि प्रत्येक अक्षराचा कोड हीच संख्या मानायची. शंभर बाइटांत काम. आमच्या आळीतल्या भिशीचा हिशेब मी असाच ठेवला होता. कुणी भरले, कुणी उचलली, एका महिन्याला माणशी एक बाइट.

त्यात आणखी एक. स्पेक्ट्रममध्ये सेव्ह केलं की प्रोग्रॅमबरोबर व्हेरिएबलही कॅसेटवर जातात. म्हणजे आकडे डेटाच्या ओळींत लिहायची गरजच नाही, एकदा भरायचे आणि सेव्ह करायचं. फक्त परत लोड केल्यावर रन कधी म्हणायचं नाही, कारण रन सगळे व्हेरिएबल पुसतं. गो टू १० म्हणायचं. आईला मी हे कागदावर लिहून दिलं होतं आणि ती ते कटाक्षाने पाळायची.

ऐरोली_एम्बेडेड

काका-मावशी मंडळी, मी नव्वदच्या दशकानंतरचा, पण हा धागा माझ्या रोजच्या कामाचा आहे म्हणून लिहितोय. मी एम्बेडेडमध्ये, म्हणजे यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या चिपांवर काम करतो. आर्दुइनो युनो या छोट्या बोर्डावरच्या (आर३ पर्यंतच्या) चिपमध्ये रॅम आहे २ किलोबाइट. एटीटायनी ८५ मध्ये तर ५१२ बाइट, चेंदणीकर काकांच्या झेडएक्स ८१ च्या निम्मे! त्यामुळे हे संपलेलं नाही. बाइट आम्ही आजही मोजतो. पडद्यावर दाखवायची वाक्यं रॅममध्ये आली की जागा संपते, म्हणून ती फ्लॅशमध्येच (प्रोग्रॅम असतो त्या कायमच्या मेमरीत) ठेवून तिथूनच वाचायची, हा आमच्याकडचा पहिला धडा.

आता माझी अडचण. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसाठी मी एक छोटं यंत्र केलंय. १६ गुणिले २ चा एलसीडी. वॉचमनकाकांना मराठीच येतं, म्हणून 'टाकी भरली' आणि 'टाकी रिकामी' मराठीत दाखवायचंय. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचा एकेक संकेत तीन बाइटांचा, 'ठाणे' लिहायला बारा बाइट, पण ते राहू द्या, त्या एलसीडीला युनिकोड कळतच नाही. त्याच्यात आपली स्वतःची फक्त आठ अक्षरं करता येतात, ५ गुणिले ८ ठिपक्यांची. रेघोटी मावशी, आठात कसं बसवायचं?

रेघोटी

अरे वा, आठ! माझ्याकडे २१ तरी होती.

बसतं की. काना आणि दीर्घ वेलांटी यांना स्वतंत्र घर दे, अक्षरावर चढवू नकोस. या एलसीडीवर एका घरात दोन अक्षरं एकावर एक येणार नाहीत. मग 'टाकी भरली' साठी मोज: ट, काना, क, दीर्घ वेलांटी, भ, र, ल. सात झाले. दीर्घ वेलांटी दोनदा येते पण जागा एकच. 'टाकी रिकामी' साठी: ट, काना, क, दीर्घ वेलांटी, र, ऱ्हस्व वेलांटी, म. हेही सातच. दोन्ही मिळून नऊ होतात, म्हणून एकदम बसणार नाही, पण दोन्ही निरोप एकाच वेळी दाखवायचे नाहीतच ना? निरोप बदलताना आधी पडदा पूस, मग भ आणि ल यांच्या जागी ऱ्हस्व वेलांटी आणि म भर, मग छाप. आधी पुसायला विसरू नकोस, कारण साठवलेलं अक्षर बदललं की पडद्यावर आधीच असलेलं अक्षरही त्याच क्षणी बदलतं.

एकूण घरं किती लागतात तेही बघ. 'टाकी रिकामी' ला ट-काना-क-वेलांटी, मोकळं घर, ऱ्हस्व-र-क-काना-म-वेलांटी. अकरा. सोळात आरामात.

पाच ठिपक्यांत 'भ' अवघड जाईल. वरची गाठ सोडून दे, म आणि भ वेगळे ओळखू येतील एवढंच बघ.

ऐरोली_एम्बेडेड

मावशी, केलं! एकच गोष्ट. या एलसीडीत दोन घरांमध्ये थोडी फट असते, त्यामुळे शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तुटते. तुमच्याकडे टीव्हीवर सलग यायची का?

रेघोटी

हो, स्पेक्ट्रमवर घरं एकमेकांना चिकटून असतात, आठच्या आठ ठिपके भरले की रेघ सलग. तुझ्याकडे ती फट काचेतच आहे, प्रोग्रॅमने जाणार नाही. तुटकी राहू दे. वॉचमनकाकांना वाचता आलं का ते सांग.

ऐरोली_एम्बेडेड

लांबून वाचलं त्यांनी. 'भ' ला आधी 'म' म्हणाले, मग मी भ च्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका वाढवला.

वाशी_सेक्टर_नऊ

ज्यांच्याकडे जुन्या कॅसेटी आहेत त्यांच्यासाठी एक सूचना, कारण आपल्याकडच्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते. फितीवर पांढरट थर दिसला तर आधी साफ करून घ्या, तशीच वाजवू नका, हेडही खराब होईल. चांगल्या डेकवर नॉइज रिडक्शन बंद करून वाजवा आणि वेव्ह फाइल म्हणून रेकॉर्ड करा, एमपी३ नको. स्पेक्ट्रमच्या कॅसेटवर १ चा आवाज ० च्या दुप्पट लांबीचा असतो, मशीन तेवढ्यावरच ओळखतं, त्यामुळे लांबी बिघडवणारं काहीही मध्ये येऊ देऊ नका. आवाज दबका आला तर हेडचा स्क्रू हळूच फिरवून जिथे सगळ्यात तीक्ष्ण ऐकू येईल तिथे ठेवा. तेव्हाही 'आर टेप लोडिंग एरर' आला की आपण हेच करायचो. मग ती फाइल टॅप किंवा टीझेडएक्स या प्रकारात बदलून फ्यूज एम्युलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालते. स्पेक्ट्रमचे हक्क १९८६ मध्ये अॅमस्ट्रॅडने विकत घेतले आणि पुढे एम्युलेटरबरोबर रॉम वाटायला त्यांनी परवानगी दिली, तेव्हा त्यात काही गैर नाही.

रेघोटीताई, पाढ्यांची कॅसेट आहे का अजून?

रेघोटी

कॅसेट नाही, क्लासबरोबर गेली. चौकटीची वही आहे. सगळे चौकोन आणि बाजूला लिहिलेले बाइट, आठ-आठच्या रांगेत. शनिवारी बसून टाइप करते, आकडे इथेच टाकते. एकाने वाचायचं आणि एकाने तपासायचं असं केलं तर बरं, कारण एक आकडा चुकला की एक ओळ वाकडी.

चेंदणीकर

तपासायला मी आहे. प्रत्येक अक्षराच्या आठ बाइटांची बेरीजही शेवटी लिहा, मासिकांत असायची तशी.